ऐप्टेशिया कापू नका

रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी, ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी हा प्राणी येतोच. फिकट तपकिरी, जवळजवळ पारदर्शक, लांब बारीक हात पसरून दगडाच्या फटीत बसलेला, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की अरे वा, फुकटात एक ऍनिमोन (समुद्रफूल) मिळाला. दोनेक महिन्यांनी तेच दहा ठिकाणी दिसायला लागतात आणि शेजारचे कोरल मिटून बसायला लागतात, कारण ऐप्टेशियाच्या अंगात बारीक दंशाचे धागे असतात आणि डिवचलं की तो ते बाहेर फेकतो.

मग माणूस काय करतो? चिमटा घेतो, ब्लेड घेतो, खरवडून काढतो. इथेच सगळं बिघडतं. ऐप्टेशियाला प्रजननासाठी जोडीदार लागत नाही, तो दगडावर सरकताना पायाच्या तळव्याचे बारीक तुकडे मागे सोडतो आणि प्रत्येक तुकड्यातून नवा प्राणी उभा राहतो. म्हणजे तुम्ही खरवडता तेव्हा त्याचंच काम जास्त वेगाने करून देता. टँक अंधारात ठेवून उपाशी मारू म्हणाल तर तेही अवघड, कारण कोरलसारखंच त्याच्या पेशींमध्ये शेवाळ राहतं हे खरं, पण ते शेवाळ गेलं तरी तो माशांच्या खाण्यातलं उष्टं पकडून जगतो. याच चिवटपणामुळे जगभरच्या लॅबमध्ये ऐप्टेशिया मुद्दाम वाढवतात, कोरल पांढरे का पडतात ते त्याच्यावर अभ्यासतात, 2015 मध्ये त्याचा पूर्ण जीनोमसुद्धा छापून आला. आपण ज्याला शिव्या घालतो त्याला तिकडे रोज प्रेमाने खायला घालतात.

त्याला मारायचं तर जागच्या जागी, अख्खा. हॉबीवाले ज्याला काल्कवासर म्हणतात ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला चुनाच, पण टँकसाठी शुद्ध पावडर घ्यायची, पानवाल्याकडची डबी नको कारण त्यात आणखी काय आहे ते कुणी लिहिलेलं नसतं. घट्ट पेस्ट करायची, पंप बंद करायचे, सिरिंजने हळूच तोंडावर सोडायची. तो खाणं समजून गिळतो आणि आतून भाजतो. एका दिवसात थोडेच करायचे, एकदम पन्नास करायला गेलात तर पीएच वर उडतो आणि मासे धापा टाकायला लागतात. आणि जो फटीत आत ओढला गेला त्याला त्या दिवशी सोडून द्या, अर्धवट भाजलेला ऐप्टेशिया पुन्हा वाढतो.

खाणारे प्राणी आणायचे म्हणाल तर पेपरमिंट श्रिंप ही छोटी कोळंबी सगळ्यात स्वस्त, पण कुर्ल्याच्या मार्केटमध्ये असो की क्रॉफर्डला, त्या नावाने कधी कधी कॅमल श्रिंप गळ्यात मारतात, दिसायला लाल-पांढरा पट्टेवालाच, फक्त तो ऐप्टेशिया सोडून तुमचे कोरलच कुरतडतो. कॉपरबँड बटरफ्लाय मासा दिसायला देखणा, पण पुष्कळदा नव्या टँकमध्ये खाणंच घेत नाही आणि उपाशी मरतो, एका किड्यासाठी असा मासा आणणं मला पटत नाही. माझ्या मते खरा उस्ताद बर्गिया, एकदोन सेंटीमीटरची बिनशंखाची समुद्री गोगलगाय. ही फक्त ऐप्टेशिया खाते, दुसरं काहीच नाही, आणि त्याच्या दंशपेशी न पचवता पाठीवरच्या झालरींमध्ये साठवून स्वतःच्या बचावाला वापरते, चोरलेलं शस्त्र! अडचण एवढीच की ऐप्टेशिया संपले की ती उपाशी मरते, म्हणून आधीच ओळखीच्या कुणाला तरी पुढे द्यायचं ठरवून ठेवा. ती रात्री फिरते, त्यामुळे दिसली नाही म्हणून मेली असं समजू नका. फक्त टँकमध्ये रॅस मासे असतील तर तीच त्यांचं जेवण होते.

हिरवे काचेच्या गोट्यांसारखे दिसणारे बबल अल्जी, म्हणजे व्हॅलोनिया, त्यांचंही असंच. ती एकेक गोटी म्हणजे एकच पेशी असते, कधी कधी काही सेंटीमीटरची, आत असंख्य केंद्रकं. फोडली किंवा जखम झाली की आतलं जीवद्रव्य आकसून त्याचे बारीक गोळे होतात आणि त्यातून नव्या गोट्या वाढू शकतात. त्यामुळे दगड बाहेर काढून दुसऱ्या बादलीतल्या खाऱ्या पाण्यात सोलायच्या, टँकमध्ये नखाने टचटच फोडायच्या नाहीत, कितीही मोह झाला तरी.

पण दिसलं की मारलं हे मात्र नको. रात्री टॉर्च मारून दगडाखालून निघालेला ब्रिसल वर्म, म्हणजे काटेरी किडा, बघितला की लोक किंचाळतात, आणि बिचारा बहुतेक वेळा मेलेलं आणि उरलेलं खाणारा सफाई कामगार असतो. फायरवर्म नावाचा वेगळा भाऊ खरंच कोरल खातो, पण तो दुकानातल्या दगडातून क्वचितच येतो. काटे हातात घुसतात म्हणून ग्लोव्हज घाला एवढंच. त्यांची संख्या अचानक फुगली तर त्याचा अर्थ तुम्ही माशांना जास्त खायला घालताय, वर्म पकडत बसण्यापेक्षा चिमूट कमी करा. डायनो म्हणजे डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय सूक्ष्मजीव मात्र बरोब्बर उलटे, शेंबडासारखा तपकिरी चिकट थर आणि त्यात हवेचे बुडबुडे. हा बऱ्याचदा नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणलेल्या चकाचक टँकमध्ये येतो, कारण बाकीचे स्पर्धक सूक्ष्मजीव उपाशी मरतात आणि रान याला मोकळं मिळतं. तिथे जोरात साफसफाई करणं म्हणजे आगीत तेल.

आता जीवावरची गोष्ट. वैतागून अख्खा दगड उकळायचा विचार कुणी करत असेल तर थांबा. त्यावर झोआंथिड, म्हणजे ऍनिमोनचे गटाने वाढणारे भाऊबंद, आणि विशेषतः त्यातला पॅलिथोआ असेल तर त्यात पॅलिटॉक्सिन असू शकतं, ज्ञात विषांपैकी सगळ्यात जहाल विषांमधलं एक, 1971 मध्ये हवाईच्या पॅलिथोआतून शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. ते पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप उघड्या नळासारखा करून टाकतं. उकळल्यावर ते वाफेबरोबर उडतं आणि श्वासातून आत जातं, घरातले सगळे एकदम आजारी पडल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. आपल्या वन बीएचकेत खिडक्या लावून एसी चालू असताना किचनमध्ये हे केलं तर काय होईल, विचार करा. वरळी, हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला हेच झोआंथिड गालिच्यासारखे दिसतात, तिथून दगड उचलून आणायचा तर सुचूही नये, सोबत सांडपाण्यातलं काय काय येईल ते वेगळं, आणि खरे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत.

येणारं बरंचसं दुकानातून आणलेल्या फ्रॅगच्या, म्हणजे कोरलच्या छोट्या तुकड्याच्या, बुडाखाली लपून येतं, म्हणून नवा फ्रॅग महिनाभर वेगळ्या छोट्या टाकीत. कोरल डिपमध्ये, म्हणजे किडे मारायच्या द्रावणात, बुडवलं की चपटे किडे गळून पडतात पण त्यांची अंडी बऱ्याचदा वाचतात, त्यामुळे आठवड्याने परत बुडवायचं आणि प्लगच्या, म्हणजे फ्रॅग चिकटवलेल्या बुंध्याच्या, खालची बाजू भिंगाने बघायची. शक्य असेल तर प्लग फेकून फ्रॅग नव्यावर चिकटवा.

आणि काढलेला कचरा? हा शेवटचा भाग सगळे विसरतात. 1984 मध्ये मोनॅकोच्या म्युझियमखाली समुद्रात कॉलेर्पा नावाचं ऍक्वेरियमचं शेवाळ जेमतेम एक चौरस मीटर दिसलं होतं, पुढे ते भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर दूरवर पसरलं. 2000 मध्ये तेच कॅलिफोर्नियाच्या एका खाडीत सापडलं, तिथे ताडपत्रीखाली झाकून क्लोरीन सोडलं आणि ते संपलं असं जाहीर करायला 2006 उजाडलं. त्यामुळे काढलेलं शेवाळ, दगड, सायफनचं पाणी काहीच नाल्यात किंवा माहीमच्या खाडीत नको. ग्लोव्हज घालून, खिडकी उघडी ठेवून सगळं ब्लीच घातलेल्या बादलीत रात्रभर, सकाळी पाणी संडासात आणि उरलेल्या वस्तू पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात.