मॉर्फिनचं आतड्यातलं काम

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याचे जंतू वेगळे केले खरे, पण त्यांनी प्राण्यांना कॉलरा होतो हे त्यांना काही दाखवता येईना. गिनीपिगना जंतू पाजले तरी ते ठणठणीत राहत. पुढच्या वर्षी त्यांना मार्ग सापडला. आधी सोड्याचं पाणी पाजून जठरातलं आम्ल मारायचं, मग नळीने जंतू आत सोडायचे आणि पोटात अफूच्या अर्काचं इंजेक्शन द्यायचं. अफूमुळे आतड्यांची हालचाल थंडावली, जंतू पुढे ढकलले गेले नाहीत, तिथेच वाढले आणि गिनीपिग दगावले.

कॉख यांच्यासाठी अफू हे फक्त प्रयोगाचं साधन होतं. आज अफूतलं मॉर्फिन आणि त्याच्या कुळातली कोडीन, ट्रॅमाडॉल, फेंटानिल ही औषधं कर्करोगाच्या, अपघाताच्या, मोठ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना दिली जातात. ती द्यायलाच हवीत. पण ती घेणाऱ्याच्या आतड्यात काय चालतं, याकडे आपण फार कमी लक्ष देतो.

ही औषधं मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या औषध पकडणाऱ्या जागांवर, बसून वेदना कमी करतात, तेच रिसेप्टर आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशींवरही भरपूर असतात. तिथे औषध बसलं की आतड्याच्या लाटा मंदावतात आणि पाचकस्राव कमी होतात. म्हणून बद्धकोष्ठता होते. गुंगी आणि मळमळ बहुतेकांच्या अंगवळणी पडते, बद्धकोष्ठता मात्र औषध चालू असेपर्यंत पाठ सोडत नाही. जुलाबावर घेतलं जाणारं लोपेरामाइडही याच कुळातलं आहे. नेहमीच्या मात्रेत ते मेंदूत पोचत नाही, त्यामुळे त्याचा परिणाम आतड्यापुरताच राहतो.

आतड्याच्या लाटा अन्न पुढे नेतात, तशाच त्या जंतूंनाही सतत पुढे काढत असतात. हे काम मंदावलं की साचलेल्या पाण्यात शेवाळ धरावं तसे जंतू साचतात, आणि कोणते जंतू वाढतात तेही बदलतं.

पण अडचण एवढ्यावर थांबत नाही. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या कातडीखाली मॉर्फिनच्या गोळ्या बसवल्या. बाहेरून एकही जंतू दिलेला नव्हता, तरी उंदरांच्या यकृतात आणि प्लीहेत जंतू सापडले. हे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. जंतू त्यांच्याच आतड्यातून आले होते. संशोधक सबिता रॉय यांच्या गटाने पुढे ही वाट शोधली. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, मॉर्फिनमुळे ते सांधे सैल होतात आणि जंतू भिंत ओलांडतात. त्याच वेळी जंतूंना आवर घालणारी पित्ताम्लं घटतात. मॉर्फिन न दिलेल्या उंदरांच्या आतड्यातले जंतू मॉर्फिन दिलेल्या उंदरांत सोडल्यावर मात्र भिंत बरीच सावरली. मला हा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून उपायाची दिशा दिसते.

भिंत ओलांडलेल्या जंतूंना गाठणाऱ्या भक्षक पेशीही मॉर्फिनमुळे मंद पडतात. उलट स्यूडोमोनास नावाचा, इस्पितळात नेहमी त्रास देणारा जंतू मॉर्फिनच्या सहवासात अधिक आक्रमक होतो, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

माणसांचं काय? अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूचा गंभीर संसर्ग झालेले १,२३३ रुग्ण आणि तसा संसर्ग न झालेले २४ हजारांहून अधिक लोक संशोधकांनी ताडून पाहिले. ही औषधं चालू असणाऱ्यांत अशा संसर्गाची शक्यता सुमारे १.६ पट निघाली, आणि जास्त मात्रा घेणाऱ्यांत आणखी जास्त. हा जंतू आतड्यातला नव्हे, म्हणजे परिणाम शरीराच्या एकूण प्रतिकारशक्तीवरही होत असावा. अशी औषधं घेणारे लोक मुळातच आजारी असतात, त्यामुळे सगळा दोष औषधाच्या माथी मारता येत नाही. तरी हा इशारा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

यावरून कोणी मॉर्फिन नाकारलं तर ते फार वाईट होईल. भारतात आधीच कर्करोगाचे असंख्य रुग्ण वेदनेने तळमळत असतात. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कडक कायद्यामुळे इस्पितळांना मॉर्फिन ठेवणंच जिकिरीचं झालं होतं. ते सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. औषध मनानेच एकदम बंद करणंही घातक, त्याने पोटात कळा येतात, जुलाब लागतात.

करायचं ते साधं आहे. मॉर्फिन सुरू होतं त्याच दिवशी डॉक्टरांकडून रेचकही लिहून घ्यावं. त्याने भागलं नाही तर मिथाइलनालट्रेक्सोनसारखी औषधं आहेत, ती आतड्यातला परिणाम रोखतात आणि वेदनाशमन तसंच ठेवतात. ताप असेल, शौचात रक्त पडत असेल, तर लोपेरामाइड घेऊ नये. त्याच जातीच्या एका औषधाने आमांशाचा ताप लांबतो, हे १९७३ मध्येच दिसलं होतं. आणि घरात मॉर्फिनवर असलेल्या माणसाचं पोट फुगलं, किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावं आणि शौचाला शेवटचं कधी झालं तेही त्यांनी विचारायची वाट न पाहता सांगावं.