प्रिंटला देण्याआधी फोटो किती उजळवायचा?

मोबाइलवर लख्ख दिसणारा फोटो कागदावर काळपट आला, ही आमच्या काउंटरवर नेहमी ऐकू येणारी तक्रार. मोबाइलच्या स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो. फरक पडतो तो तिथे. म्हणून फोटोला हात लावण्याआधी ऑटो-ब्राइटनेस बंद करा, स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणा. नाइट लाइट चालू असेल तर तोही घालवा, नाहीतर हळदीचा फोटो आहे त्याहून पिवळा दिसेल.

आता खुद्द फोटो. बहुतेकजण थेट ब्राइटनेसची पट्टी ओढतात, आणि घोटाळा तिथेच होतो. साध्या जेपीईजी फोटोत प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला 0 ते 255 यांमधला एकेक आकडा असतो. तिन्ही 0 असले की काळा, तिन्ही 255 असले की पांढराशुभ्र. समजा नवरदेवाच्या सदऱ्याचा उजळ भाग 235 वर आहे आणि चुण्या 220 वर. सगळ्यांत सरसकट 40 मिळवले तर दोन्ही 255 वर जाऊन आदळतात. चुण्या गेल्या! असा फोटो सेव्ह केल्यावर पट्टी कितीही मागे ओढा, त्या परत येत नाहीत. त्यामानाने थोडा काळोखा राहिलेला फोटो बराच सावरता येतो.

मांडवात पाठीमागून ऊन येत असेल आणि चेहरे काळवंडले असतील, तर फक्त गडद भाग उचला. मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये ‘ट्यून इमेज’ उघडा, बोट वर-खाली फिरवून ‘शॅडोज’ निवडा आणि उजवीकडे सरकवा. काळ्या केसांत रंगीत दाणे दिसायला लागले की थांबा. कॉम्प्युटरवर जिंप हे फुकट सॉफ्टवेअर चांगलं: ‘कलर्स’ मेनूत ‘लेव्हल्स’ घ्या आणि मधला त्रिकोण डावीकडे ढकला. 1.00 चा आकडा 1.20 च्या आसपास गेला तरी चेहरे खुलतात आणि काळ्या-पांढऱ्याची टोकं जागेवर राहतात.

चेहरा ‘गोरा’ करायला मात्र उजेड वाढवू नका. गालाची गोलाई आणि नाकाचा उंचवटा सावलीमुळेच दिसतो. ती पुसली की माणूस ओळखू येत नाही. पासपोर्टच्या फोटोत तर काहीच बदलू नका.

बदललेला फोटो नव्या नावाने सेव्ह करा. जेपीईजी उघडून पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडा खराब होतो. व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आक्रसून येतो. 4×6 इंची प्रिंटला 1200×1800 पिक्सेल असले की काम नीट होतं.

मूळ फोटोही सोबत द्या. मोठी फ्रेम करायची असेल तर आधी 4×6 ची एक प्रिंट काढून घ्या आणि ती दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको, दाराशी येऊन दिवसाच्या उजेडात बघा.