कट्ट्यावरची निवडणूक चर्चा

महाराष्ट्रातली साधारण अठरा ते तिशीतली पोरंपोरी कॉलेजच्या कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर, गावच्या पारावर, अभ्यासिकेच्या जिन्यात आणि आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राजकारणावर जे बोलतात आणि बोलता बोलता मत कोणाला टाकायचं ते ठरवतात, ती ही चर्चा. हिला ना अध्यक्ष ना अजेंडा, पण कित्येकांचं पहिलं मत प्रचारसभेत नाही तर इथेच पक्कं होतं, म्हणून तिच्याकडे टाइमपास म्हणून बघणं चूक आहे.

कॉलेजात असतानाच मत देता येतं ही गोष्ट तशी अलीकडची. आधी वयाची अट २१ होती, ६१व्या घटनादुरुस्तीने ती १८ झाली, २८ मार्च १९८९ पासून, आणि त्याच वर्षीच्या लोकसभेला अठरा वर्षांच्या पोरांनी पहिल्यांदा मत दिलं. आता तर १७ पूर्ण झालं की मतदार नोंदणीचा फॉर्म ६ आगाऊ भरून ठेवता येतो, आणि वय मोजायच्या तारखाही वर्षातून चार केल्यात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची १ तारीख. तरी २०२४ च्या लोकसभेला देशभरात १८-१९ वयाचे जेमतेम १.८ कोटी मतदार यादीत होते, म्हणजे त्या वयाच्या निम्म्या पोरांचंही नाव नव्हतं. कट्ट्यावर तावातावाने भांडणाऱ्या ग्रुपमध्ये दोघातिघांचं नावच यादीत नाही हे मतदानाच्या आठवड्यात कळतं आणि तोवर मुदत संपलेली असते, हे दरवेळी बघून वाईट वाटतं.

ही चर्चा रस्त्यावर आली त्याला एक कारण कॉलेजांतच आहे. एकेकाळी विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या उघड निवडणुका व्हायच्या, त्यातून नेतेही घडले, पण मारामाऱ्या आणि हिंसाचार वाढला आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने त्या बंद करून मार्कांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्यात खुल्या निवडणुकांची तरतूद परत आली, पण ती बरीचशी कागदावरच राहिली. म्हणजे ज्या वयात पोरांनी आपल्यातलाच उमेदवार पारखून, त्याला प्रश्न विचारून, हरून-जिंकून शिकायचं, तो सरावच गेला, आणि थेट आमदार-खासदार निवडायची वेळ येते.

बोलणं बहुतेक वेळा 'हवा कोणाची' इथून सुरू होतं. कोणाची सीट निघतेय, कोण पडणार, कोणाचं डिपॉझिट जाणार, कोणी आतून कोणाचं काम केलं. २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटल्यावर यात चिन्हांचा गोंधळ आला. घरात वर्षानुवर्षं एकाच चिन्हावर मत पडायचं, ते चिन्ह आता दुसऱ्या गटाकडे, मग आजी-आजोबांना नवीन चिन्ह समजावून सांगायचं काम नातवंडांवर आलं. हे काम किरकोळ नाही. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात 'तुतारी वाजवणारा माणूस' हे शरद पवार गटाचं चिन्ह आणि एका अपक्षाचं पिपाणीसारखं चिन्ह यात लोकांची गल्लत झाल्याचं बोललं गेलं, त्या अपक्षाला पडलेली मतं जिंकण्या-हरण्याच्या फरकापेक्षा जास्त होती.

पुण्यातल्या सदाशिव पेठ, नवी पेठ भागातल्या स्पर्धा परीक्षावाल्यांची चर्चा वेगळीच असते, कारण यांना राज्यघटना तोंडपाठ, अर्थसंकल्प माहीत, आणि सरकारच्या प्रत्येक निर्णयाचा यांच्या वयोमर्यादेशी संबंध. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्व आणि बँक भरतीची आयबीपीएस परीक्षा एकाच दिवशी, २५ तारखेला आली तेव्हा ही पोरं शास्त्री रोडवर आंदोलनाला बसली, वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्यांना दखल घ्यावी लागली आणि आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. राजकारणाशी आपलं काय घेणंदेणं असं म्हणणाऱ्यांनाही तिथे उत्तर मिळालं. पण यांची मतं गावाकडे, मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात, आणि मतदानाला जायचं तर एसटीचं भाडं आणि अभ्यासाचे दोन दिवस जातात. मग गावचा कार्यकर्ता फोन करतो, गाडी लावलीये, या सगळे. मतदाराला अशी फुकट गाडी करून देणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट मार्ग धरलंय, पोरांना हे कलम पाठ असतं आणि तरी गाडीत बसायची वेळ येते.

खरा वाद पेटतो तो 'माणूस बघायचा की पक्ष' यावर. एक म्हणतो उमेदवार कसाही असो, वर सरकार आपलं पाहिजे, दुसरा म्हणतो रस्ता, पाणी, तहसीलचं काम यासाठी माणूसच उपयोगी पडतो, तिसरा चांगल्या अपक्षाचं नाव काढतो आणि सगळे म्हणतात मत वाया जाईल. इथे कामाला येणारी गोष्ट म्हणजे उमेदवाराचं शपथपत्र, फॉर्म २६. २००२ आणि २००३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांमुळे उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं लिहून द्यावं लागतं आणि निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर ते कोणालाही वाचता येतं. मोबाइलवर दोन उमेदवारांची शपथपत्रं उघडून, याच्यावर गुन्हे कसले, आंदोलनाचे की फसवणुकीचे, पाच वर्षांत मालमत्ता किती वाढली, असं ज्या ग्रुपमध्ये वाचलं जातं तिथली चर्चा लगेच वेगळी होते, आवाज खाली येतो आणि माणसं एकमेकांचं ऐकायला लागतात. अशी चर्चा सगळ्या कट्ट्यांवर व्हायला पाहिजे असं मनापासून वाटतं.

कोणीच पटत नसेल तर नोटा, म्हणजे मशीनवरचं 'यापैकी कोणी नाही' हे बटण, २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आलेला. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगावात नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर होता. पण विधानसभा-लोकसभेत त्याने निकाल बदलत नाही. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांपुरता नियम केला, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर निवडणूक परत घ्यायची. हा फरक फार कमी जणांना माहीत असतो.

पोरींची चर्चा वेगळ्या जागी चालते. पार आणि टपरी अजून पोरांच्याच, पोरी होस्टेलच्या रूमवर, मेसमध्ये, लोकलच्या लेडीज डब्यात बोलतात, आणि तिथे शेवटची बस किती वाजता, रस्त्यावर लाइट आहे का, असले प्रश्न आधी येतात. घरातून 'आपलं सगळ्यांचं मत तिकडे' असं ठरून आलेलं असतं, त्यामुळे मशीनसमोर एकटं उभं राहून वेगळं बटण दाबणं हा त्यांच्यातल्या कित्येकींचा पहिला स्वतःचा निर्णय असतो.

गावात ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतं, आणि भावकी, शेताचा बांध, पाण्याची पाळी सगळं त्यात येतं. म्हणून पुण्यात मोकळं बोलणारा पोरगा गावच्या पारावर गप्प बसतो. विधानसभा-लोकसभेच्या निकालानंतर तर बूथनिहाय आकडे बाहेर येतात, लहान गावात बूथ एकच, गावाने कोणाला दिलं याचा अंदाज लगेच बांधला जातो आणि मग टोमणे, अडवणूक सुरू होते. असं होऊ नये म्हणून अनेक बूथची मतं एकत्र करून मोजणारं टोटलायझर यंत्र वापरायचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्येच दिला होता, २०१५ मध्ये विधी आयोगानेही शिफारस केली, पण बूथनिहाय मोजणी अजून तशीच चालू आहे.