शिंग्रोबाच्या चढावर घोळका का फुटतो?

मुंबई–पुणे सायकल शर्यतीत पुण्याला पहिला पोहोचणाऱ्याचा मान वेगळा आणि बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याचा वेगळा. त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. हे दोन मान वेगळे असण्यात नुसती हौस नाही, भौतिकशास्त्रही आहे. खोपोलीपर्यंत सायकलस्वार हवेशी भांडतो, खोपोलीनंतर स्वतःच्या वजनाशी.

सपाट रस्त्यावर ताशी ३६ किलोमीटर वेग ठेवायचा, तर मध्यम बांध्याच्या माणसाला केवळ हवा बाजूला सारायला २०० वॅटच्या आसपास शक्ती लागते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर हवेवर आठपट शक्ती खर्च करा. पण पुढच्याचं चाक पकडून, हात-दीड हात मागे राहिलं, की या खर्चातला चौथा-तिसरा हिस्सा सहज वाचतो. म्हणूनच सुट्टीच्या दिवशी सायकल काढणारा हौशी गडीही पनवेलच्या पुढे बऱ्यापैकी तयारीच्या घोळक्यात टिकून असतो. आज पाय जोरात आहेत असं त्याला वाटतं. पाय नेहमीचेच असतात, वाऱ्याला छाती दुसरा कोणी देत असतो.

खोपोली सोडली की ही उधारी बंद. चढावर वेग ताशी बारा किलोमीटरवर येतो आणि हवेचा विरोध जवळपास नाहीसा होतो; आठ-दहा वॅट, बस्स. आता कुणाच्या मागे लपून फारसं काही मिळत नाही. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले आणि लोणावळ्यापर्यंतची उंची साडेपाचशे मीटर, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ४६० किलोज्यूलच्या आसपास काम करावं लागतं. विजेच्या हिशेबात हे युनिटचा आठवा भाग! याच उंचीवरून नळांतून उतरणाऱ्या पाण्यावर टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ पासून चालत आलं आहे. पाणी उतरताना जे देतं, ते आपण चढताना भरतो.

तासाभरात घाट चढायचा तर घर्षण वगैरे धरून सरासरी दीडशे वॅट लागतात. आकडा ऐकायला मोठा नाही. पण स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्के, त्यामुळे पेडलवर दीडशे वॅट पोहोचवताना अंगात पाचशेच्या आसपास वॅट उष्णता तयार होते. ती घालवायला तासाला पाऊण लिटर घामाची वाफ व्हायला हवी. वाफ, हे महत्त्वाचं. सपाटीवर समोरचा वारा घाम उडवून नेतो. घाटात वेगच नाही, त्यात खोपोलीच्या बाजूची दमट हवा. शिंग्रोबाच्या देवळाजवळच्या चढावर पाहा : कोपरावरून, हनुवटीवरून घाम टपटप हँडलवर पडत असतो. टपकलेला घाम अंगातली उष्णता नेत नाही, फक्त पाणी आणि मीठ नेतो. अनेकांचे पाय इथे बोलू लागतात ते ताकद संपल्यामुळे नाही, अंग तापल्यामुळे.

इथे एक खर्चिक समजूत मोडायला हवी. हलक्या सायकलसाठी लोक पगार ओततात. एक किलो वजन कमी झालं, तर तासाभराच्या या चढावर अर्ध्या-पाऊण मिनिटाचा फरक पडतो. राज्यपदाच्या दावेदाराला तो मोलाचा; आपल्यासारख्याला त्याहून जास्त वेळ खोपोलीच्या आधीच्या सपाटीवर उगाच पुढे राहून घालवलेल्या ताकदीपायी जातो. शरीरातला साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, जेमतेम दोन हजार कॅलरींचा असतो. जोर जितका जास्त, तितका तो झपाट्याने संपतो. तेव्हा केळं घाट लागायच्या आधी खावं. चढावर धाप लागलेली असताना घास गिळणंही जड जातं.

लोणावळ्यानंतर रस्ता पुन्हा बराचसा सपाट आणि हवा पुन्हा मालक. पुण्यापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर उरलेले असतात. घाटात कमावलेली मिनिटभराची आघाडी घेऊन एकट्याने निघालेला माणूस, मागून आळीपाळीने पुढे येत चाललेल्या चौघांना बहुधा कामशेतच्या आसपास सापडतो. तेव्हा राजेपण नको असेल, तर खंडाळ्याला दोन घोट पाणी पिऊन मागच्यांची वाट पाहिलेली बरी.