किनाऱ्यावरून मोठे मासे धरण्यासाठी गळाची बांधणी

मुशी, पाकट, हेकरू, तांबोशी यांसारखे मोठे सागरी मासे किनाऱ्यावर उभे राहून गरवण्यासाठी दोरी, शिसे (वजन), फिरकी (दोरीला पीळ पडू न देणारी कडी, स्विव्हल), तंगूस (नायलॉनचा एकसंध धागा) आणि गरी (हुक) यांची जी जोडणी करतात ती गळाची बांधणी. होडीतून गळ नुसता खाली सोडला तरी चालतो. किनाऱ्यावरून तो लाटांपलीकडे फेकावा लागतो. त्यामुळे या बांधणीला आधी फेकीचा झटका सोसायचा असतो, मग खडकांचे आणि कालवांचे घासणे, आणि त्यानंतर माशाची ओढ. मासा लागण्याआधीच ती तुटण्याचे प्रसंग कमी नसतात.

झटका सोसण्यासाठी रिळावरच्या दोरीला पुढे जाड तंगूस जोडतात. याला शॉक लीडर म्हणतात. शिशाच्या दर औंसामागे (सुमारे २८ ग्रॅम) १० पौंड ताकद, हा गरवणाऱ्यांचा जुना हिशेब आहे. म्हणजे पाच औंसांच्या शिशाला निदान ५० पौंडी (सुमारे २३ किलो) लीडर लागतो. फेकण्यासाठी शिसे कांडीवरून (गळाच्या काठीवरून) लोंबत ठेवल्यावरही रिळावर लीडरचे चार-पाच वेढे उरले पाहिजेत. इथे काटकसर करू नये. जोरदार फेकीत सुटलेले शिसे माणसाला गंभीर इजा करू शकते.

वाळूच्या तळावर सरकत्या शिशाची बांधणी सर्वाधिक वापरली जाते. लीडरवर एक सरकती नळी ओवून तिच्या कडीला शिसे अडकवतात, तिच्यामागून गाठीचे रक्षण करणारा मणी घालतात आणि टोकाला फिरकी बांधतात. फिरकीच्या दुसऱ्या कडीला गरीचा तंगूस येतो. मासा आमिष घेऊन निघाला की दोरी नळीतून सरकते आणि शिशाचे वजन त्याला लगेच जाणवत नाही. गरीचा तंगूस लांब ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, पण वीतभर तंगूस बहुधा जास्त कामाचा. तो हवेत भिरभिरत नाही, फेक लांब जाते आणि गरी माशाच्या पोटात खोल जाण्याचा संभव घटतो. मुशीसाठी मात्र दात सोसणारी तार लागते आणि तिच्यामागे जाड तंगुसाचा लांब तुकडा, कारण तिची खरखरीत कातडी साधी दोरी घासून तोडते.

खडकाळ तळावर पुली बांधणी बरी. हिच्यात एकाच तंगुसाच्या एका टोकाला गरी, दुसऱ्याला शिसे असते आणि तो तुकडा मुख्य दोरीच्या कडीतून मोकळा फिरतो. माशाने ओढले की शिसे तळावरून वर उचलले जाते आणि कपारीत अडकत नाही. अडकण्याची भीती फारच असेल तर शिसे कमकुवत दोऱ्याने बांधतात. तुटले तर तेवढेच जाते.

बांधणीचा खरा कस गाठींत लागतो. विणलेली दोरी गुळगुळीत असते, म्हणून तिला लीडर जोडताना एफजी गाठ घालतात. तिचे आडवेतिडवे वेढे ताणाखाली तंगुसाला घट्ट आवळून धरतात. फिरकीला युनी गाठ पुरते. गरीला स्नेल गाठ घालताना तंगूस टोकाच्या बाजूने नेढ्यातून आत घेऊन दांड्याभोवती सात-आठ वेढे देतात. वेढे एकमेकांना चिकटून, एकावर एक न चढता बसले पाहिजेत. आवळण्याआधी गाठ ओली करावी. कोरडी गाठ ओढली की घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमकुवत होतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. फार जाड तंगुसात गाठ नीट बसत नाही. तिथे धातूची स्लीव्ह (छोटी नळी) पकडीने दाबून बसवतात.

गरी गोल, म्हणजे सर्कल हुक, घ्यावी. तिचे टोक दांड्याकडे वळलेले असल्याने ती सहसा जबड्याच्या कोपऱ्यात रुतते आणि सोडून द्यायचा मासा जगण्याची शक्यता वाढते. आमिष टोचताना टोक उघडे ठेवावे लागते. मासा लागला असे वाटताच कांडीला हिसका देण्याची सवय इथे मोडावी लागते: दोरी ताणली जाईपर्यंत थांबून सावकाश रीळ फिरवायचे, गरी आपोआप वळून बसते.