बदामीचे चालुक्य वेगळे, कल्याणीचे चालुक्य वेगळे

इतिहासाच्या गप्पांत कुणीतरी हमखास म्हणतं, "चालुक्यांनी हर्षवर्धनाला हरवलं, नंतर चोळांनाही पुरून उरले", आणि बाकीचे माना डोलावतात. हर्षाला अडवणारा दुसरा पुलकेशी ६४२ च्या सुमारास संपला, चोळांशी हयातभर भांडलेला पहिला सोमेश्वर १०४२ च्या सुमारास गादीवर आला. मधे चारशे वर्षं गेली, राजधानी बदलली, राष्ट्रकूटांचं अख्खं साम्राज्य येऊन गेलं, आणि आपण मात्र दोघांना एकाच दमात "चालुक्य" म्हणून मोकळे होतो.

गोंधळ व्हायला कारणही आहे म्हणा. राजांचे नंबर सलग चालतात! विक्रमादित्य पहिला आणि दुसरा बदामीचे, पाचवा आणि सहावा कल्याणीचे, आणि तिसरा-चौथा मधल्या काळातले, ज्यांच्याकडे स्वतंत्र राज्य असं नव्हतंच. त्यामुळे यादी वाचणाऱ्याला वाटतं की गादी बापाकडून मुलाकडे अशी सरळ चालत आली. त्यात कल्याणी म्हणजे लोकल पकडून जायचं आपलं ठाण्याकडचं कल्याण नव्हे, ते बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण.

आधी बदामी, म्हणजे उत्तर कर्नाटकातलं जुनं वातापी. सहाव्या शतकात दख्खनेत मोठी सत्ता अशी उरलेली नव्हती, विदर्भातले वाकाटक मावळले होते, बनवासीचे कदंब ढिले पडले होते. अशा वेळी पहिल्या पुलकेशीने डोंगर निवडला. बदामीच्या कड्यावरचा शके ४६५ चा, म्हणजे इ.स. ५४३ चा लेख सांगतो की त्याने वातापीचा डोंगर वरून-खालून अभेद्य असा किल्ला करून घेतला. त्याने अश्वमेधही केला, पण माझ्या मते खरी गोष्ट तो किल्लाच, कारण लाल दगडाचे उभे कडे, शेजारी मलप्रभेचं खोरं, एवढ्या भांडवलावर हे घराणं उभं राहिलं. मुलगा कीर्तिवर्मा याने कदंबांना आणि कोकणच्या मौर्यांना (हे कोकणातले मौर्य, पाटलीपुत्राचे नव्हेत, तो आणखी एक घोळ) नमवलं. त्याचा भाऊ मंगलेश याने उत्तरेकडच्या कलचुरींना हरवलं आणि रेवतीद्वीप घेतलं, म्हणजे वेंगुर्ल्याजवळचं आपलं रेडी. पुढे मंगलेशाला गादी स्वतःच्या मुलाला द्यायची होती, पुतण्या ऐकणारा नव्हता, घरातच लढाई झाली, मंगलेश मारला गेला आणि पुतण्या राजा झाला. तोच दुसरा पुलकेशी.

त्याचं सगळं ऐहोळेच्या मेगुती देवळावर कोरलंय. रविकीर्ती नावाच्या जैन कवीचा हा लेख शके ५५६ चा, म्हणजे इ.स. ६३४-३५ चा. त्यात कोकणातल्या पुरीवर शेकडो नावा घेऊन केलेला हल्ला आहे, हर्षाचा हर्ष कसा गळून गेला हेही आहे, आणि आपल्यासाठी मोलाची ओळ म्हणजे ९९ हजार गावं असलेल्या तीन महाराष्ट्रकांचा तो स्वामी झाला. दरबारी कवीने लिहिलंय, आकडा चिमटीभर मीठ घेऊनच वाचायचा, पण सातव्या शतकात हे नाव दगडावर आहे हे काही कमी नाही. पुढे कांचीचा पल्लव राजा नरसिंहवर्मा याने बदामीच जिंकली, तिथल्या दगडावर स्वतःचा लेख कोरला आणि वातापीकोंड, म्हणजे वातापी जिंकणारा, असं बिरुद लावलं. पहिल्या विक्रमादित्याने तेरा-एक वर्षांत राज्य परत उभं केलं. शेवट केला तो दंतिदुर्ग राष्ट्रकूटाने, ७५३ च्या आसपास.

आता कल्याणी, आणि इथे उदयाची तऱ्हाच निराळी. दुसरा तैलप हा कुठल्या मोकळ्या डोंगरावर किल्ला बांधून मोठा झालेला नाही, तो राष्ट्रकूटांचाच माणूस. विजापूरकडचा तर्दवाडी प्रांत त्याच्याकडे राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या काळात आला, बायको जाकव्वा राष्ट्रकूट घराण्यातली. म्हणजे जावई, सरदार, सगळंच. तिसरा कृष्ण गेला, ९७२ मध्ये माळव्याचा परमार सीयक थेट राजधानी मान्यखेटवर चालून आला आणि ती लुटली, दरबाराची पत गेली, आणि पुढच्याच वर्षी तैलपाने शेवटचा राजा दुसरा कर्क याला बाजूला सारून गादी घेतली. कंपनी बुडायला लागली की आतलाच मॅनेजर ती ताब्यात घेतो, तसला प्रकार. मांडलिक, महसूल, फौज सगळं तयार होतं आणि राजधानीसुद्धा आधी मान्यखेटच राहिली, कल्याणीला ती नेली नंतर सोमेश्वराने. म्हणून ९७३ च्या तैलपाला "कल्याणीचा" म्हणणं हे आपलं सोयीचं लेबल.

अर्थात नुसता आयत्या पिठावर रेघोट्या मारणारा नव्हता तो. परमार राजा मुंज याच्याशी त्याच्या कितीतरी लढाया झाल्या. मुंजाच्या मंत्र्याने, रुद्रादित्याने, सांगितलं होतं म्हणे की गोदावरी ओलांडू नका. ही कथा नंतरच्या जैन ग्रंथातली. मुंजाने ओलांडली, पकडला गेला, आणि तैलपाच्या कैदेतच मारला गेला.

मग बदामीचे आणि कल्याणीचे चालुक्य एकमेकांचे नातेवाईक होते का? कल्याणीवाल्यांचं म्हणणं हो. पाचव्या विक्रमादित्याच्या १००९ च्या ताम्रपटात अयोध्येतले ५९ राजे, मग दक्षिणेतले, मग बदामीवाले आणि मग आम्ही अशी लांबलचक वंशावळ आहे. पण सत्ता मिळाल्यावर तयार झालेली वंशावळ कशी वाचायची ते आपल्याला ठाऊक आहे, आणि इतिहासकारांत यावर वाद आहेच. मला विचाराल तर रक्ताचं नातं असो नसो, राष्ट्रकूटांचं राज्य उलथून गादीवर बसलेल्याला "हे मुळात आमचंच, तुम्हीच दोनशे वीस वर्षांपूर्वी घेतलं होतं" असं म्हणता येणं फार सोयीचं होतं.

फिरायला गेलात तर दोघांची देवळं ओळखायची सोपी खूण म्हणजे दगड. बदामी, ऐहोळे, पट्टदकलला लालसर वालुकाश्म, आणि लक्कुंडी, इटगीकडे काळपट-हिरवट मऊ दगड, त्यामुळे खांब लेथवर फिरवल्यासारखे गुळगुळीत आणि नक्षी बारीक. पहिली देवळं बदामीची, दुसरी कल्याणीची.

आणि गंमत बघा, बदामीशी ज्यांच्या नात्याबद्दल शंका नाही ते चालुक्य तिसरेच. दुसऱ्या पुलकेशीने भाऊ कुब्ज विष्णुवर्धन याला पूर्वेला वेंगीला बसवलं, ती शाखा आंध्रात टिकली आणि चोळांशी सोयरिकी करत गेली. १०७० मध्ये त्याच घरातला राजपुत्र कुलोत्तुंग म्हणून चोळांच्या सिंहासनावर बसला, आणि कल्याणीचा सहावा विक्रमादित्य पुढची कित्येक वर्षं भांडला तो याच्याशी.