स्कॅन झालं, पण शोधता येतं का?

एखाद्या ग्रंथालयातली जुनी वृत्तपत्रं स्कॅन झाल्याची बातमी आली, की आता घरबसल्या हवं ते शोधता येईल असं आपण धरून चालतो. पण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यातले काळे-पांढरे ठिपके ओळखून अक्षरं ठरवण्याचं काम ओसीआर नावाचं तंत्र करतं, आणि शंभर वर्षांपूर्वीची पिवळी पानं, छपाईचे झिजलेले खिळे, पसरलेली शाई यांपुढे ते अडखळतं. इंग्रजीत ‘आर’ आणि ‘एन’ चिकटले की त्याला ‘एम’ दिसतो. देवनागरीत ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’.

शंभरातली ९५ अक्षरं बरोबर ओळखली, तर काम छान झालं असं वाटतं ना? मग आठ अक्षरांचं आडनाव घ्या. ते संपूर्ण बरोबर येण्याची शक्यता ०.९५ चा आठवा घात, म्हणजे सुमारे ०.६६. दर तीन उल्लेखांतला एक बिघडलेला! आणि शोध घेताना संगणक पानं चाळत नाही. कोणता शब्द कोणत्या पानांवर आहे याची सूची आधीच तयार असते, तो फक्त तीच पाहतो. शब्द चुकीचा नोंदला गेला, की त्या शोधापुरतं ते पान अस्तित्वातच नाही. अक्षरांतली ५ टक्के चूक शोधात ३४ टक्के होते, ती अशी.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००८ मध्ये यावर धाडसी उपाय केला. १८०३ पासूनच्या वृत्तपत्रांची पानं त्यांनी वेबवर ठेवली आणि पानाच्या शेजारी ओसीआरने वाचलेला मजकूर उघडा केला. चूक दिसली? ओळ दुरुस्त करा. नावनोंदणीची सक्ती नाही, वर तपासनीस नाही. दुरुस्ती लगेच दिसते आणि पुढच्या माणसाला ते पान शोधात सापडतं. जुना मजकूर पुसला जात नाही, प्रत्येक बदलाची नोंद राहते, म्हणून कुणी खोडी केली तरी मागे जाता येतं. ‘ट्रोव्ह’ नावाच्या या संग्रहात वाचकांनी आजवर दहा कोटींहून जास्त ओळी सुधारल्या आहेत. त्यांत आपल्या पूर्वजांचा माग काढणारे पुष्कळ. आजोबांचं नाव शोधायला आलेला माणूस अख्खा स्तंभ दुरुस्त करून जातो, हे मला फार मोलाचं वाटतं.

‘आता एआय हे सगळं करेल’ हा दावा मात्र जपून घ्यावा. एआयमागची भाषेची प्रारूपं (लँग्वेज मॉडेल्स) मागचे-पुढचे शब्द पाहून अंदाज बांधतात. वाक्यात ते चालतं. बोटीवरच्या उतारूंच्या यादीत मागचं नाव पुढच्या नावाबद्दल काहीच सांगत नाही, तिथे प्रारूप शोभेलसं पण चुकीचं नाव बसवू शकतं, आणि अशी नीटनेटकी चूक पकडणं सर्वांत कठीण.

मराठीत ही सोय विकिस्रोत या विकिपीडियाच्या भावंड-प्रकल्पात, म्हणजे मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात, आहे. डावीकडे मजकूर, उजवीकडे स्कॅन. एकाने तपासलं की पानाची खूण पिवळी होते. ती हिरवी, म्हणजे पक्की, करायला दुसराच माणूस लागतो, पहिल्याला ती मुभा नाही. ज्या ग्रंथालयांकडे स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांची स्कॅन पडून आहेत, त्यांनी ती तिथे चढवावीत आणि दर आठवड्याला आपल्या वाचकांना दोन-दोन पानं तपासायला द्यावीत.